लॅबमधला दुसरा राउटर कोणाचा?

वाचकांचे प्रश्न : शाळेचं नेटवर्क आणि फुकटची साधनं

मागच्या अंकात शाळेच्या नेटवर्कबद्दल प्रश्न मागवले होते. टपाल बरंच आलं. आधी माझ्याबद्दल थोडं. नागपुरातल्या एका संस्थेच्या तीन शाळांच्या लॅब मी सांभाळते. एक महालात, एक मानेवाड्याकडे, एक हिंगण्याच्या रस्त्यावर. तिन्ही ठिकाणी नेटवर्कचं वार्षिक बजेट एका शब्दात मावतं : ‘बघू’. त्यामुळे फुकट साधनं वापरणं हा माझा छंद नसून नोकरीचा भाग आहे.

पत्रांमध्ये सगळ्यांना सॉफ्टवेअरचं नाव हवंय. नावं देते. पण आपल्या तारांवर नेमकं काय काय जोडलेलं आहे, हे निम्म्या पत्रलेखकांना सांगता येणार नाही, असं पत्रं वाचूनच कळतं. ते कळल्याशिवाय महागाचं सॉफ्टवेअरही उपयोगाचं नाही, आणि कळल्यावर बहुतेकदा फुकटचं पुरतं. पहिल्या उत्तराला म्हणूनच जास्त जागा देतेय.

प्रश्न : मॅडम, आमच्या लॅबमध्ये २५ संगणक आहेत. सकाळी सगळे बरोबर चालतात, अकरा-साडेअकरानंतर पाच-सात मशिनचं नेट बंद पडून राहिलं. कधी हे, कधी ते. इंटरनेटवाला म्हणतो लाइन चांगली आहे, आणि ती आहेच. बंद पडलेल्या मशिनचा पत्ता १९२.१६८.० नं सुरू होतो, चालणाऱ्यांचा १९२.१६८.१ नं. काहून होत असेल? फुकटातलं एखादं सॉफ्टवेअर सांगा.
— संगणक शिक्षक, कळमेश्वर

उत्तर : सर, तुम्ही दोन्हीकडचे पत्ते बघितलेत म्हणजे अर्धं काम झालं. तुमच्या नेटवर्कवर कोणीतरी दुसरा राउटर लावला आहे, आणि तोही पत्ते वाटत सुटला आहे.

संगणक सुरू झाला की ‘मला पत्ता द्या’ अशी हाक सगळ्या तारांवर देतो. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. उत्तर देणारा खरा की उपरा, हे तो विचारत नाही. म्हणून कधी हे मशिन सापडतं, कधी ते. अकराचं कोडंही त्यातच आहे. त्या वेळी कोणती खोली उघडते आणि कोणतं बटण दाबलं जातं, ते बघा.

आता शोधायचं कसं. बंद पडलेल्याच मशिनवर बसा, चालू असलेल्यावर नको. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ द्या. खाली ‘डीएचसीपी सर्व्हर’ (म्हणजे पत्ते वाटणारा) अशी ओळ दिसेल, समजा १९२.१६८.०.१. हाच तुमचा उपरा. तोच आकडा ब्राउझरमध्ये टाकलात तर बहुतेकदा त्याचं लॉगिनचं पान उघडतं आणि कंपनीचं नाव, कधी मॉडेलसुद्धा समोर येतं. पान उघडलं नाही तर ‘एआरपी -ए’ द्या. त्या पत्त्यासमोर सहा जोड्यांचा मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक, दिसेल. त्यातल्या पहिल्या तीन जोड्यांवरून उपकरण कोणत्या कंपनीने बनवलं ते कळतं; वायरशार्क या नेटवर्कची वाहतूक टिपणाऱ्या साधनाच्या संकेतस्थळावर ती शोधण्याची सोय फुकट आहे. इथपर्यंत काहीही डाउनलोड करावं लागलेलं नाही, हे लक्षात घ्या.

मग त्याच मशिनवरून ‘पिंग १९२.१६८.०.१ -टी’ सुरू ठेवा (ते त्या उपऱ्याला सतत हाक मारून उत्तर येतंय का बघतं), एका विद्यार्थ्याला पडद्यासमोर बसवा आणि तुम्ही स्विचकडे जा. एकेक तार काढा, दोन-तीन सेकंद थांबा, परत लावा. ज्या तारेला विद्यार्थी ‘सर, बंद झालं!’ म्हणून ओरडेल, ती तार धरून चालत जा. तुम्ही बसलात त्या मशिनची तार तेवढी काढू नका, नाहीतर चोर सापडला म्हणून आनंद होईल आणि सापडलेलं असेल स्वतःचंच टोक.

आमच्या एका शाळेत असा राउटर थेट कार्यालयात निघाला, कूलरच्या मागे. युडायस प्लसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरायचे दिवस होते. बडे बाबूंना लॅपटॉपवर वायफाय हवं होतं, त्यांनी घरचा जुना राउटर आणून भिंतीतली तार त्यात खुपसली. बाहेरच्या लाइनसाठी असलेलं वेगळ्या रंगाचं भोक सोडून ती लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, चार भोकांपैकी एकात गेली. बाबूंचं वायफाय चाललं, लॅब बसली. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. कार्यालयात वायफाय पोचवायला हवं होतं हे कोणाच्या मनातच आलं नव्हतं. राउटर आम्ही काढला नाही. त्यातलं डीएचसीपी बंद केलं, त्याला आमच्या रांगेतला एक मोकळा स्थिर पत्ता दिला, तार लॅनमध्येच राहू दिली. आता तो नुसता वायफाय देतो. तुमच्याकडेही हेच करता येईल. पुढेमागे मॅनेज्ड स्विच (प्रत्येक भोकाचे नियम ठरवता येतात असा) घेतलात तर त्यात ‘डीएचसीपी स्नूपिंग’ सुरू करा. मग नेमून दिलेल्या एका भोकाखेरीज कुठूनही पत्ते वाटता येत नाहीत.

एखाद्या मशिनवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर दुखणं उलटं असतं. तिथे पत्ता द्यायला कोणीच आलेलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक ठेवून घेतला. तार, क्लिप, स्विचचं भोक, या क्रमाने बघा. सीताबर्डीत साधा केबल टेस्टर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो फुकट नाही, पण यादीत पहिला तोच लिहा.

सॉफ्टवेअर हवंच असेल तर अॅडव्हान्स्ड आयपी स्कॅनर किंवा अँग्री आयपी स्कॅनर घ्या. दोन्ही फुकट आहेत, आणि मिनिटाभरात नेटवर्कवरच्या सगळ्या उपकरणांची यादी देतात. सवय झाली की एनमॅपकडे वळा. १९९७ पासूनचं साधन आहे, आणि त्याला झेनमॅप नावाचा चित्रमय दर्शनी भागही आहे. यादी आली की तिचा तक्ता करा : पत्ता, मॅक, मशिन कुठे ठेवलंय, स्विचच्या कितव्या भोकात. यादीत कंपनीच सापडत नाही असे मॅक पत्तेही येतील. त्यातल्या पहिल्या जोडीचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर ते बहुधा कोणाचे तरी मोबाइल आहेत. हल्लीचे फोन वायफायवर मुद्दाम खोटा मॅक देतात. असे पंधरा-वीस दिसले, तर वायफायचा पासवर्ड शाळेत कुठवर पोचला आहे ते कळतंच.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे एका विक्रेत्याचं कोटेशन आलं आहे. शिक्षिकेला सर्व मुलांचे पडदे एका जागी दिसतील आणि नको त्या साइट बंद होतील, यासाठी दरवर्षी भरायची रक्कम आहे. हे फुकटात होतं का? आणि फुकटचं वापरलं तर उद्या कोणी नोटीस तर पाठवणार नाही ना?
— मुख्याध्यापिका, नागपूर

उत्तर : मॅडम, नोटिशीचा प्रश्न तुम्ही विचारलात याचा आनंद झाला, तो सहसा कोणी विचारत नाही.

पडद्यांसाठी व्हेयॉन. आधी आयटॅल्क नावाचा प्रकल्प होता, त्यातूनच पुढे हे आलं. खुल्या परवान्याचं आहे, म्हणजे शाळेलाही फुकट आणि तेही कायदेशीर. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. शिक्षिकेच्या मशिनवर ‘मास्टर’ टाकायचा, मुलांच्या मशिनवर फक्त त्याची सेवा. पडदे छोट्या चौकटींत दिसतात. सगळे एकदम कुलूपबंद करता येतात, शिक्षिकेचा पडदा सर्वांना दाखवता येतो, तास संपला की सगळी मशिन एका क्लिकवर बंद होतात. मला यातलं शेवटचंच सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

बसवताना एक काळजी घ्या. व्हेयॉनमध्ये किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली सगळ्या मशिनवर जाते, खासगी किल्ली फक्त शिक्षिकेच्या. बसवणाऱ्याने घाईत सगळा फोल्डर पेनड्राइव्हवरून प्रत्येक मशिनवर ओतला, तर दहावीतला एखादा हुशार पोरगा मॅडमचा पडदा बघत बसेल. आणि मॅडमच्या पडद्यावर त्या दिवशी प्रश्नपत्रिका असेल.

पडदे बघितले जातात हे मुलांना सांगा, लॅबच्या दारावर लिहून लावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सर्वांना मूल धरलं आहे आणि त्यांच्या माहितीबाबत जास्त काळजी सांगितली आहे. तास सुरू असताना पडदा बघणं वेगळं आणि चित्रं साठवून ठेवणं वेगळं. साठवू नका.

साइट बंद करायला सुरुवातीलाच मोठं यंत्र नको. राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) दोन जागा असतात, तिथे १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा. ही क्लाउडफ्लेअरची कुटुंबांसाठीची सेवा, २०२० पासून सुरू. घातक आणि प्रौढ साइटची नावं ती उघडूच देत नाही. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्डही तशीच : २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. पाच मिनिटांचं काम आहे.

आता याचे तोटे, कारण विक्रेता तुम्हाला तेच सांगणार आहे आणि त्यात तो खोटं बोलणार नाही. अशी चाळणी साइट अख्खी बंद करते किंवा अख्खी सोडते. यूट्यूबवरचा विज्ञानाचा व्हिडिओ चालू आणि बाकीचं बंद, असं तिच्याने होत नाही. मुलांची खाती अॅडमिनची असतील तर मुलं डीएनएस बदलतात, म्हणून त्यांना साधीच खाती द्या. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ‘सुरक्षित डीएनएस’ सुरू असेल तर ब्राउझर तुमच्या राउटरला वळसा घालून जातो. ते ब्राउझरच्या धोरणातून, म्हणजे अॅडमिनने लावलेल्या नियमांतून, बंद करावं लागतं. आणि खिशातल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटपुढे तुम्ही, मी, विक्रेता सगळे सारखेच. कोटेशनमधलं उत्पादन मुळीच वाईट नसेल. पण आधी एक सत्र हे चालवून बघा. नेमकं काय कमी पडतं ते कळलं की तेवढ्याचंच कोटेशन मागवता येईल.

प्रश्न : दरवर्षी सुटीत ३० मशिन फॉरमॅट करतो. प्रत्येकाला अर्धा दिवस जातो. काही उपाय?
— प्रयोगशाळा सहायक, उमरेड

उत्तर : दादा, क्लोनझिला. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेलं, संपूर्ण फुकट. एक मशिन मनासारखं तयार करा : विंडोज, लिब्रेऑफिस, मराठी कीबोर्ड, मुलांचं साधं खातं. मग पेनड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करून त्या डिस्कची अख्खी प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि बाकीच्या मशिनवर उतरवा.

अडतं ते चार ठिकाणी. प्रतिमा घेण्याआधी विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर डिस्क अर्धवट झोपलेली राहते आणि क्लोनझिला तक्रार करतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर तोही बंद. ज्या डिस्कवर उतरवायचं ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कची प्रतिमा २४० जीबीच्या नव्या एसएसडीवर सरळ बसत नाही, म्हणून मूळ मशिन सर्वांत लहान डिस्कचं निवडा. आणि ‘सिस्प्रेप’ (मशिनची स्वतःची ओळख पुसणारं विंडोजचंच साधन) केल्याशिवाय प्रतिमा घेऊ नका, नाहीतर तिसांच्या तिसांचं नाव एकच.

सगळ्यांवर एकदम उतरवायचं तर क्लोनझिलाचा सर्व्हर प्रकार आहे. एक मशिन बोलतं, बाकी एकाच वेळी ऐकतात. पण आधी स्विच बघा. ४० जीबी माहिती १०० एमबीपीएसच्या स्विचवरून जायला नुसत्या गणितानेच ५३ मिनिटं लागतात, गिगाबिटवर साडेपाचच्या आत. प्रत्यक्षात डिस्कच्या वेगामुळे दोन्ही आकडे वाढतात. जुना स्विच असेल तर मशिन सुरू करून देऊन जेवायला जा.

वेळेचं म्हणाल तर मे महिन्यात दुपारी हे करू नका. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदलं गेलं आहे, आणि बंद लॅबमध्ये तीस मशिन एकदम डिस्क लिहायला लागली की आतलं ऊन वेगळं. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनअखेरीस उघडतात. तोवर एखादा पाऊस पडून गेलेला असतो. तेव्हा सकाळी सातला सुरू करा.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि जुनी बरीच मशिन ११ च्या अटीत बसत नाहीत. ती भंगारात देऊ नका. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून बघा. केरळातल्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात, त्यांच्या ‘काइट’ संस्थेने स्वतःची आवृत्तीच तयार केली आहे. आपल्याकडे खरी अडचण मुलांची नसते. प्रश्नपत्रिका कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणाऱ्या शिक्षकांची असते. त्यांचं एक मशिन तसंच ठेवा आणि भांडण टाळा.

प्रश्न : मी नववीत आहे. मला वायरशार्क शिकायचं आहे. शाळेच्या वायफायवर चालवलं तर चालेल का?
— विद्यार्थी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : शीक बेटा, जरूर शीक. १९९८ मध्ये हे ‘इथेरियल’ नावाने आलं, २००६ पासून वायरशार्क. पण शाळेच्या नेटवर्कवर विचारल्याशिवाय नाही. दुसऱ्यांची वाहतूक परवानगीवाचून टिपणं हा गमतीचा विषय नाही, पकडला गेलास तर ‘शिकत होतो’ हे उत्तर पुरत नाही. घरी बाबांना विचारून आपल्याच लॅपटॉपची वाहतूक टिप. वरच्या फिल्टरच्या चौकटीत ‘डीएचसीपी’ लिही, मग वायफाय बंद करून परत सुरू कर. मी वर पहिल्या पत्राच्या उत्तरात जी हाक सांगितली ती आणि तिला आलेलं उत्तर, ओळीने दिसेल. मग संगणकाच्या सरांना दाखव. आवडलं तर तेच परवानगी काढून देतील.

प्रश्न : दूरच्या शाखेतली मशिन इथून दुरुस्त करायला टीमव्ह्यूअर फुकट वापरतो. मध्येच बंद पडतं आणि परवान्याचा संदेश येतो.
— तंत्रज्ञ, कामठी

उत्तर : बरोबरच आहे त्याचं. ते फुकट आहे फक्त वैयक्तिक वापरासाठी. शाळेचं काम म्हणजे वैयक्तिक नव्हे. घरगुती फुकट अँटिव्हायरसचंही बहुधा हेच. डाउनलोड करण्याआधी परवान्याच्या पानावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असं आहे का ते बघत चला. दूरच्या मदतीसाठी रस्टडेस्क खुलं आहे. अँटिव्हायरस म्हणून विंडोजसोबत येणारा डिफेंडर लॅबसाठी पुरतो. क्रॅक केलेलं काही असेल तर आजच काढा. फुकटची इतकी साधनं असताना विषाची परीक्षा कशाला?

प्रश्न : गावात नेट दिवसातून तासभर असतं, तेही धड नाही. पण दहा मशिन आणि एक स्विच आहे. याचा काही उपयोग?
— शिक्षिका, रामटेक तालुका

उत्तर : ताई, भरपूर. किविक्स घ्या. त्यात अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये येतो आणि नेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडियाची फाइल एका पेनड्राइव्हवर मावते. इंग्रजी पूर्ण, चित्रांसह, १०० जीबीच्या वर जातो. पुढच्या वेळी नागपूरला याल तेव्हा चांगल्या नेटवर उतरवून न्या. एका मशिनवर किविक्सचा सर्व्हर सुरू केला की बाकीची नऊ मशिन ब्राउझरमधून तेच वाचतात. कोलिब्रीही असंच, त्यात व्हिडिओ आणि सराव-प्रश्न असतात. मराठी साहित्य मात्र इंग्रजी-हिंदीच्या मानाने कमी आहे, तेव्हा काय घ्यायचं ते निवडून घ्या. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. त्या उतरवून सामायिक फोल्डरमध्ये इयत्तावार ठेवा. तुमच्या स्विचला बाहेरच्या नेटची काही गरज नाही, आतल्या आत तो पूर्ण वेगाने चालतो.

प्रश्न : मागच्या जूनमध्ये वीज कडाडली आणि स्विच, राउटर, दोन मशिन गेली. कार्यालय आणि लॅब वेगवेगळ्या इमारतींत आहेत, मधून तार उघड्यावरून नेलेली आहे. यावर एखादं मोफत सॉफ्टवेअर?
— शाळा समिती सदस्य, काटोल

उत्तर : विजेवर सॉफ्टवेअर नाही हो भाऊ! दोन इमारतींमधली ती तांब्याची तार हेच तुमचं दुखणं. जवळपास वीज पडली तरी त्या तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं एकदम जातात. तिथे फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी तार जोडणारी डबी) लावा; काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. मात्र फायबर धातूच्या कवचाचं घेऊ नका. अर्थिंगही तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते, आणि नेमकं वळिवाच्या तोंडावर अर्थिंग निकामी झालेलं असतं. मे महिन्यात त्या खड्ड्यात पाणी घालत जा.

फायबर येईपर्यंत आभाळ भरून आलं की त्या तारेची दोन्ही टोकं उपटून ठेवायची. कोणती दोन, ते लाल पट्टी चिकटवून शिपाईदादांना दाखवून ठेवा, कारण वळीव बहुधा दुपारनंतर, शाळा सुटल्यावरच येतो.